माकडं माणसं कधी होणार? उत्क्रांतीच्या तक्त्यावरच्या या चुका टाळा

गोव्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलं की ‘बुद्धी आणि भाषेची उत्क्रांती’ हा तक्ता हमखास भेटतो. बहुधा आदल्या रात्री इंटरनेटवरून उतरवलेला. त्यामुळे चुकाही त्याच त्या.

सगळ्यात चिवट चूक रांगेची. डावीकडे वाकलेलं माकड, उजवीकडे ताठ माणूस. फोंड्याकडच्या एका प्रदर्शनात हे चित्र पाहून एका आजींनी विचारलं, “मग आमची शहाळी नासवणारी माकडं माणसं कधी होणार?” पोरगा गंभीरपणे म्हणाला, “वेळ लागेल, आजी.” त्याला बक्षीस मिळालं, माझ्या गुणांमुळे नव्हे. माणूस चिंपांझीपासून झाला नाही. दोघांचा पूर्वज एकच, सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. माडावरच्या माकडांचा आणि आपला फाटा तर अडीच-तीन कोटी वर्षांमागे फुटला. माझ्या मुलांना मी रांग काढूच देत नाही. झाड काढा आणि माकड, चिंपांझी, माणूस तिघांनाही शेंड्यावर एकाच उंचीला बसवा.

मेंदू आधी वाढला आणि मग माणूस उभा राहिला, हेही उलटं. इथिओपियात १९७४ मध्ये जिचा सांगाडा सापडला ती ल्युसी, आपल्या पूर्वजकुळातली मादी, ३२ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती. मेंदू मात्र जेमतेम चिंपांझीएवढा.

‘चिंपांझी भाषा शिकला’ हे वाक्य दिसलं की मी निमबद्दल विचारतो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकवल्या. त्याचं सर्वांत लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं: दे संत्रं मला दे खा संत्रं मी खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. पुढे चित्रफिती तपासल्यावर टेरेस यांनाच दिसलं की निम बऱ्याचदा शिक्षकाच्या आधीच्या खुणा उचलतो. १९७९ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. पण तक्त्यावर चिंपांझीचा फोटो चिकटवला की काम झालं, एवढीच घाई असेल तर हे कोण वाचणार? कांझी नावाच्या बोनोबोचं (चिंपांझीच्या सख्ख्या नात्यातला वानर) प्रकरण मात्र खरंच विचारात पाडणारं आहे. चिन्हांचे धडे त्याच्या पालक आईला दिले जात होते. शिकला तो, शेजारी खेळता खेळता. त्याच्यावर वेगळा तक्ता करा.

बोलण्याशी संबंध असलेल्या फॉक्सपी२ या जनुकाला ‘भाषेचं जनुक’ म्हणू नका, ते उंदरातही असतं. स्वरयंत्राच्या जागेवर सगळं ढकलू नका. २०१६ च्या अभ्यासात माकडाचा घसा आणि तोंड बोलण्याजोगे निघाले, कमी पडतो तो मेंदूचा ताबा. आणि मोठा मेंदू म्हणजे जास्त अक्कल असं म्हणाल, तर निअँडरथल या नामशेष मानवाचा मेंदू आपल्याहून लहान नव्हता.

गोव्यातल्या उसगाळीमळची प्राचीन कातळचित्रं तक्त्यावर लावा, पण ‘भाषेचा उगम’ या मथळ्याखाली नको. कुशावतीकाठच्या जांभ्यावर बैल कोरणारी माणसं आपल्यासारखीच बोलत होती. आणि फोटो स्वतः जाऊन काढा. तिथल्या कोरीव चक्रव्यूहाचा इंटरनेटवरचा तो फोटो मला आता पाठ झालाय.