फुटरेस्ट बदलण्याआधी सांगा, गुडघा दुखतोय की तळवा?

मी कळव्याहून रोज रबाळे एमआयडीसीत मोटरसायकलने जातो. काम मेंटेनन्स फिटरचं, उंची सहा फूट. त्यामुळे शॉपमधल्या कुणाला फुटरेस्ट बदलायचे असले की तो माझ्याकडे येतो. "काका, कुठले घेऊ?" मी म्हणतो, आधी दुखतंय काय ते सांग.

तळवा बधिर होतोय, चवड्याखाली आग होतेय, तर रुंद फुटरेस्ट घ्या. अरुंद फुटरेस्टवर सगळा भार एका पट्टीवर येतो, रुंदीने तो पसरतो. सिग्नलला पाय सरळ करताना गुडघ्यात कळ येते? मग पाय फार दुमडला जातोय, फुटरेस्ट खाली यायला हवा. नुसती कंबर दुखत असेल तर पैसे वाचवा, आधी हँडल आणि सीट बघा.

खाली आणणारे सेट किंवा ब्रॅकेट साधारण २० ते ३० मिलीमीटरचे मिळतात. घेण्यापूर्वी एक फुकटचा प्रयोग करा. जुनी चादर इंचभर जाड घडी करून सीटवर घट्ट बांधा आणि दोन-चार दिवस तशीच गाडी चालवा. सीट इंचभर वर गेली काय आणि फुटरेस्ट इंचभर खाली आला काय, गुडघ्याला जवळपास सारखंच. आराम पडला तर सेट घ्या, नाहीतर चादर घरी. घेताना तुमच्याच मॉडेलचा घ्या. 'सगळ्यांना बसतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला गाडीवर लावून दाखवायला सांगा, पिनेच्या भोकात तो डगडगताना दिसेल. ज्या गाड्यांना इंजिनाखालून एकच आडवा दांडा असतो, त्यांच्यात हा प्रकार नाही. तिथे रबर बदला आणि सोडून द्या.

रबर की दातेरी लोखंड? दाते पावसात बूट धरून ठेवतात, पण इंजिनाची थरथर थेट तळव्यात उतरते आणि बुटाचा सोल खातात. घोडबंदरला गायमुखच्या खड्ड्यांत उभं राहून चालवणाऱ्यांनी दातेरी घ्यावेत. ऑफिसच्या बुटात ठाणे-बेलापूर रोडवर चालवायचं असेल तर रबरच बरं.

आता काम. इंजिन गार असू द्या, उजवीकडे सायलेन्सर जवळ असतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे अडकलंय त्याचा. खालच्या बाजूला स्प्लिट पिन, म्हणजे टोकं वाकवून अडकवलेली दोन पायांची बारीक पिन, दिसेल. तिची टोकं नोज प्लायरने सरळ करून ओढा. ती पुन्हा वापरायची नाही, नवी दोन-चार रुपयांत मिळते. मग वॉशर काढा, फुटरेस्टवर फडकं धरा, कारण स्प्रिंग उडते, आणि जाड पिन वर ढकला. आपल्याकडची खाडीची हवा आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचणारं पाणी यांनी ती गंजून बसलेली असायचीच. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पंच (ठोकायची लोखंडी कांडी) लावून हलके ठोके द्या. फुटरेस्ट ज्यात बसतो ते गाडीचं ब्रॅकेट बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं, मोठी हातोडी चालवलीत तर चिरेल.

नवा लावताना पिनेला ग्रीस लावा. डावा-उजवा अदलाबदल होऊ देऊ नका. फुटरेस्ट वर आणि मागे दुमडलाच पाहिजे, कारण वळणावर तो रस्त्याला टेकला तर त्याने मुडपून जायचं असतं. ताठ राहिला तर तोच टायर रस्त्यावरून उचलेल आणि गाडी पडेल. बसवल्यावर हाताने दुमडून सोडा, चटकन जागेवर यायला हवा. स्प्लिट पिनची टोकं दोन दिशांना वाकवा. खाली आणणारं ब्रॅकेट असेल तर त्याच्या बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, लावा.

इथवर सोपं असतं. पुढचं बरेच जण करत नाहीत आणि मग 'नवे फुटरेस्ट बेकार' म्हणतात. फुटरेस्ट खाली गेला, पण ब्रेकचं पॅडल आणि गिअरचा लिव्हर जुन्याच उंचीवर राहिले. आता प्रत्येक ब्रेकला पाय उचलावा लागतो, नडगी दुखते आणि ब्रेक उशिरा लागतो. रोजचे बूट घालून गाडीवर बसा. चवडा आपसूक पॅडलवर आला पाहिजे.

गिअर लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर बसतो. पेनाने खूण करा, बोल्ट पूर्ण काढा, लिव्हर ओढून एक दाता खाली बसवा. मध्ये जोडदांडी असेल तर दोन्ही लॉकनट सैल करून दांडी फिरवा. त्यातल्या एका नटाचे आटे बहुधा उलटे असतात, जोर लावण्यापूर्वी बघून घ्या.

ब्रेक पॅडलची उंची स्टॉपरच्या (पॅडल जिथे टेकून थांबतं त्या) बोल्टवर किंवा मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) दांडीवर बदलते. मागे डिस्क ब्रेक असेल तर इथे नीट लक्ष द्या. पॅडलला थोडा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे. तो संपला तर ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला परतायला वाट नसते आणि चाक हळूहळू जाम होतं. दांडीची खात्री नसेल तर तेवढं काम मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. शेवटी मागचं चाक हाताने फिरवा, मोकळं फिरायला हवं. पॅडल जरा दाबताच ब्रेक लाइट लागते का तेही बघा. नसेल लागत तर स्विचचा नट फिरवा, तारेसकट स्विच नाही.

रविवारी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर सावकाश चक्कर मारा. दोन्ही बाजूंना वळून फुटरेस्ट घासतो का आणि स्पीडब्रेकरवर खाली काही टेकतं का ते पाहा. घासत असेल तर कमी खाली येणारा सेट घ्या. आठवड्याने बोल्ट आणि स्प्लिट पिन पुन्हा बघा. मागच्या सीटचे फुटरेस्ट मात्र आहेत तिथे राहू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी फुटरेस्ट असावाच लागतो, आणि ते काढून गाडी 'स्पोर्टी' करणाऱ्यांच्या मागे कोण बसतं मला माहीत नाही.