घरची खबर तिच्यापासून लपवू नका

बायकोला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या कलमांवर आंबा सुपारीएवढा झाला होता. देवगडपासून थोडं आत आमचं घर. विहिरीवरून पडवीपर्यंत येताना तिला धाप लागायची, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, आणि पोटऱ्यांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. उष्णता असेल म्हणून मी आठ दिवस घालवले. तुम्ही ते घालवू नका. असे ठिपके, हिरड्यांतलं रक्त आणि न जाणारा ताप एकत्र दिसले तर त्याच दिवशी साधी रक्ततपासणी करून घ्या. कणकवलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि संध्याकाळच्या आत मुंबईला निघायला सांगितलं.

निघताना कपड्यांआधी कागद भरा. रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधीचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढा. मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी अंगावरून काढू नका. कुठे गाठ काढून तपासली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्या प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी जा. योजना कॅशलेस आहे, मंजुरी उपचार सुरू होण्याआधी लागते. आधी खिशातून भरू आणि मागाहून बघू, हा हिशेब इथे चालत नाही. शिवाय वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन आपली परिस्थिती आहे तशी सांगा. मला त्या दाराशी लाज वाटली होती, पण आतल्या बाईंनी अर्ध्या तासात तीन अर्ज भरून दिले.

तुतारी एक्सप्रेस थेट दादरला उतरवते, तिथून परळचं टाटा रुग्णालय जवळ. कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा ठरावीक नमुना लागतो, तिकीट खिडकीवर काढावं लागतं. पहिल्या खेपेला आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठीचा जो राखीव डबा असतो, त्यात कर्करुग्णही बसू शकतात. राहायला परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून ती वॉर्डात दाखल झाली त्याच दिवशी रुग्णालयाचं पत्र घेऊन नाव नोंदवा. नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत महिनाभर राहू नका. प्रेम असलं तरी आठव्या दिवशी सगळ्यांनाच जड होतं, आणि दोन केमोंच्या मधल्या दिवसांत तिला तिथे ठेवणं धोक्याचं असतं.

टाटा रुग्णालयात पहिली केमो सात दिवस चालली. त्या औषधाने रोगाच्या पेशी मरतात, तशा चांगल्याही मरतात. खरी कसोटी नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत लागते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात आणि साधा जंतूही जिवावर येतो. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की एक मिनिट थांबायचं नाही, लगेच सिस्टरना सांगायचं. आपल्या मनाने तापाची गोळी द्यायची नाही. गोळीने आकडा उतरतो, आतला जंतू तसाच राहतो.

यासाठी एक वही करा. माझी दोनशे पानी होती, मुलीच्या दप्तरातली. डाव्या पानावर दिवसाचे आकडे: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ताप, किती पाणी प्यायली, किती लघवी झाली. उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. राउंडच्या वेळी डॉक्टरांजवळ चार-पाच मिनिटं असतात, म्हणून तीनच प्रश्न, महत्त्वाचा आधी. उत्तर तिथेच उभ्याउभ्या लिहायचं. तिसऱ्या दिवसापासून प्रश्न मी तिच्याकडून लिहून घेऊ लागलो. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. केस गळतील का हे तिने विचारलंच नाही, हाताच्या बोटांना मुंग्या येतात त्या कशाने हे विचारलं.

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट द्यायला माणसं लागतात, आणि इथे आपण कोकणातले असल्याचा खरा उपयोग होतो. परळ-लालबाग म्हणजे गिरणगाव. तिथे आपल्या गावाचा माणूस नाही असं होत नाही. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांना मी पहिल्याच रात्री फोन लावला, दुसऱ्या दिवशी पंधरा पोरं तयार होती. इथे एक चूक झाली. सगळी एकाच दिवशी आली. रक्तातून काढलेल्या प्लेटलेट फार तर पाच दिवस टिकतात, पंधरा जणांच्या एकदम काढून करणार काय? म्हणून यादी करा. नाव, फोन, रक्तगट, वजन, शेवटचं रक्त कधी दिलं. मशीनवर नुसत्या प्लेटलेट देणारा 48 तासांनी पुन्हा देऊ शकतो, तरी आठवड्यात दोनदाच. येणाऱ्याने पोटभर जेवून यावं आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या की देतात, तेव्हा आकडा उतरणीला लागला की आदल्या संध्याकाळी दोघांना सांगून ठेवायचं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. पुढे अस्थिमज्जा बदलायची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांचं रक्त तिला आधी देऊ नये. तिचा भाऊ रात्रीच्या गाडीने धावत आला होता, त्याला परत पाठवताना माझा जीव तुटला. त्याला मी दुसरं काम दिलं, डबा.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला असंच काम द्या. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं म्हणजे धर्म, त्यामुळे "येऊ नका" म्हटलं की माणसं दुखावतात. "रक्त द्या", "उकड्या तांदळाची पेज करून पाठवा", "धर्मशाळेतले कपडे धुवायला न्या" म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं. खोकला-सर्दी असलेल्याला मात्र दारातूनच नमस्कार, मग तो सख्खा काका असो.

जेवण ताजं शिजवलेलं आणि झाकलेलं हवं. कच्ची कोशिंबीर नको, उघड्यावरचं कापलेलं फळ नको, पाणी उकळलेलं. केमोत तोंडाला लोखंडाची चव येते आणि फोडणीच्या वासाने मळमळतं. तिला पेज आणि कुळथाची पिठी जायची. थोडी निवली की तिचा वास कमी येतो, म्हणून गरम केल्यावर झाकून पाच-दहा मिनिटं ठेवायची आणि मग भरवायची. सोलकढीवर तिचा जीव, पण तोंड आलं होतं तेव्हा आंबट चुरचुरत होतं, ती बंद केली. दात घासायला मऊ ब्रश. गुळण्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच, दिवसातून चार वेळा, मोजून.

गावाहून आईने देवाला गाऱ्हाणं घालून अंगारा पाठवला. तो कपाळाला लावला, पोटात जाऊ दिला नाही. एकाने झाडपाल्याचं औषध आणून दिलं, लिव्हर साफ होतं म्हणाला. ते मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नको म्हटलं, दिलं नाही. आणणाऱ्याशी वाद घालू नका. बाटली ठेवून घ्या, आभार माना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला घोटभरही देऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मार्च संपता संपता आमच्याकडे अवकाळी पाऊस आणि वारा झाला. आंबा पडला. भावाचा फोन आला, वहिनीचा आला, राखणदाराचा आला. मी दर वेळी फोन घेऊन वॉर्डाबाहेर जायचो आणि हसऱ्या तोंडाने परत यायचो. सगळ्यांनी बजावलं होतं, तिला कसलंच टेन्शन द्यायचं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दोन दिवस तिने चार चमचेसुद्धा पेज घेतली नाही. मला वाटलं औषधाचा परिणाम. तिसऱ्या दिवशी मी आत आलो तर ती उठून बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

"दोन दिस तुमी फोन घेऊन भायर जातास. काय झाला ता माका सांगा. मी अजून जित्ती आसंय."

मी सांगितलं. किती आंबा पडला, कुठल्या कलमाचा, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने फोन मागितला आणि जावेला लावला. "पडलेलो आंबो येगळो काढूक सांगा, आढयेत घातलो तर सगळी आढी कुसतली." पंचवीस वर्षं आंबा पिकवायची आढी तीच लावते. पेंढ्याच्या कुठल्या थरात कुठला आंबा ठेवायचा हे माझ्यापेक्षा तिला कळतं. दहा मिनिटं बोलली, दमली, आडवी झाली. त्या संध्याकाळी वाटीभर पेज प्यायली.

आजार तिच्या रक्ताला झाला होता, आणि मी मात्र तिला घरातून, बागेतून, मुलीच्या दहावीतून एका महिन्यात काढून टाकलं होतं. काळजीपोटीच केलं होतं, तरी काढलं होतं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी पाच वाजता, ताप नसेल तर, तिच्याजवळ बसून घरची खबर सांगायला लागलो. ज्यात तिने काही ठरवायचं आहे ते आधी. पेट्या वाशीला पाठवायच्या की कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला द्यायच्या, हे तिने ठरवलं. पैशाचा खरा आकडाही सांगितला, कारण खोटा आकडा तिने लगेच ओळखला असता. जे तिच्या हातात नाही आणि जे आज कळून काही उपयोग नाही, तेवढंच उद्यावर ठेवायचं. रात्री झोपताना वाईट बातमी नाही. ताप असताना काहीच नाही, तेव्हा नुसता हात धरून बसायचं. आणि ती "पुरे" म्हणाली की पुरे.

डॉक्टरांशीही तिच्या पाठीमागे बोलू नका. एक-दोन नातेवाइकांनी "कर्करोग आहे असं तिला सांगू नका" म्हणून सांगितलं होतं. परळच्या त्या दारातून आत गेल्यावर कुणाला काय कळायचं राहतं? मी डॉक्टरांना म्हटलं, तिच्यासमोरच बोला. तेव्हापासून वहीतले प्रश्न तीच विचारू लागली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वहिनीने गावच्या माणसाबरोबर सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) पाठवला. वॉर्डात फुलं चालत नाहीत, फुलांत आणि त्यांच्या पाण्यात जंतू असतात, सिस्टरनी दारातच थांबवलं आणि ते बरोबरच होतं. मी काचेच्या बाहेरून तो धरून उभा राहिलो. ती काचेला हात लावून बघत राहिली. मग तिने खुणेने सांगितलं, टाकू नका, वहीत ठेवा. सुरंगी सुकली तरी वास देते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मी तो माझ्या धर्मशाळेतल्या ट्रंकेत ठेवला.

तुमच्याबद्दलही एक सांगतो. सलग चौथ्या रात्री माझ्या हातून गोळ्यांची वेळ चुकली, तेव्हा मेव्हण्याने मला हाताला धरून धर्मशाळेत नेलं आणि दाराला कडी लावली. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्याला द्यायच्या, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. त्या रात्री थांबणाऱ्याला वही वाचता आली पाहिजे, म्हणून अक्षर नीट काढा.

दोन केमोंच्या मधे घरी सोडतात, तेव्हा तुमची जबाबदारी वाढते. देवगडहून परळ रात्रभराच्या वाटेवर आहे. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या: घरी ताप आला तर जवळ कुठे जायचं, तिथल्या डॉक्टरांना कुठलं पत्र दाखवायचं, पहिलं इंजेक्शन कुठलं. ते पत्र इंग्रजीत, सही-शिक्क्याचं, घ्याच. आमच्या दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी असते. थर्मामीटर, पत्र, वही, कागदांच्या झेरॉक्स, मास्क, दोन लुगडी, चार्जर, सुटे पैसे. दर रविवारी ती पिशवी ती स्वतः उघडून तपासते, आणि काही कमी असलं की मला हाक मारते.