उशीपासून सुरुवात करा

घरात कुणाला दमा निघाला की लोक आधी पडदे उतरवतात. मीही उतरवले. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. पहाटे चारला खोकत उठायची, छातीत मांजर बसल्यासारखी घरघर. मी दिवसभर पदर खोचून घर झाडलं, जळमटं काढली, आणि नेमकी त्याच रात्री तिला जास्त धाप लागली. धूळ घराबाहेर गेलीच नव्हती, नुसती उडाली होती.

पुढे हातावर टोचून ॲलर्जीची चाचणी केली, तेव्हा धुळीतल्या किड्यांचं नाव आलं. डस्ट माइट. डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातात, पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणाच शोषून घेतात. म्हणजे चिपळूणचा पावसाळा त्यांना सणच. बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा, आणि ती पडद्यांपेक्षा जास्त असते जिथे आपण रात्रभर नाक खुपसून झोपतो तिथे.

म्हणून आधी उशी. लेकीची उशी माझ्या माहेरची, सावरीच्या कापसाची, माझ्या लग्नाआधीची. उसवून पाहिली तर कापूस असा उरलाच नव्हता. पिवळट गोळे, आणि चिमटीत धरलं की पीठ होणारा भुगा. सावर जुनी झाली की अशीच मोडते. ती टाकली आणि धुता येईल अशी साधी उशी आणली. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, सगळीकडून बंद होणारी चेनची खोळ घाला. मी पैसे वाचवायला शिंप्याकडून मांजरपाटाची शिवून घेतली होती; त्या विणीतून सगळं बाहेर येतं. रेक्झिनची नको, पोर घामाने भिजतं.

चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्याला धुवायचं, ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्याने मळ निघतो, किडे बरेचसे जिवंत राहतात. आमच्या मशीनला हीटर नाही, म्हणून बंबातलं कढत पाणी बादलीत, पोरं लांब ठेवून, आणि कपडे काठीने ढवळत अर्धा तास. मग कडक ऊन. जाड गोधडी अशी धुववत नाही, ती दुसऱ्या खोलीत गेली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

कापडी अस्वल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग धुवा. थंडीने किडे मरतात, पण घाण आत राहते, म्हणून धुणं चुकवू नका. (बर्फ काढायला गेलेले आमचे हे ओरडले होते, ते सोडा.)

झाडू नाही, ओलं फडकं. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा मोज्यासारखा चढवायचा आणि ओढून घ्यायचा. धूळ आतच पडते. हे चालू असताना आणि नंतरही अर्धा-एक तास दम्याचं माणूस खोलीत नको.

बुरशीचं दुखणं वेगळं. २०२१च्या जुलैत पुराचं पाणी घरात आलं, त्यानंतर भिंतींची ओल जाईना. मी वरून रंग दिला. पुढच्या पावसात कपाटामागे काळे ठिपके हजर. ओल कुठून येते ते बंद केल्याशिवाय रंगाला हात लावू नका. डाग साबणाच्या पाण्याने घासून भिंत कोरडी करा, कपाट आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. निजायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. हवेतला दमटपणा ५० टक्क्यांखाली ठेवा म्हणतात. जुलैत कोकणात खिडकी उघडी ठेवून ते होत नाही. आम्ही खिडकी लावून एसी 'ड्राय'वर ठेवतो, आणि वीजबिल बघत नाही.

कॉइल, धूप, लोबान खोलीत बंद. त्याची ॲलर्जी नसली तरी धूर श्वासनळ्यांना झोंबतोच. डासांना मच्छरदाणी, तीही चादरींबरोबर धुवायची.

आणि यातलं एकेकटं करून फारसा फरक पडत नाही, सगळं मिळून आम्हाला दोन-तीन महिन्यांनी जाणवला. पण डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप आपल्या मनाने थांबवू नका. मी एका मे महिन्यात थांबवला होता, खोली एवढी स्वच्छ आहे म्हणून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला भर पावसात आम्ही रिक्षा शोधत होतो.