पेशवाईतला साधा माणूस: व्याख्यानं ऐकायची कशी

यूट्यूबवर पेशवाईची व्याख्यानं ढिगानं आहेत, पण बहुतेक लढायांची आणि कारस्थानांची. कुणबी काय खात होता, सुताराला बलुतं किती मिळायचं, हे हवं असेल तर शोधतानाच शब्द बदला. ‘बलुतेदार’, ‘गावगाडा’, ‘जमाखर्च’, ‘मोडी कागद’ यांना ‘व्याख्यान’ जोडून टाका. एकच गाव किंवा एकच धंदा धरा आणि त्यावरचे दोन-तीन वेगवेगळे वक्ते ऐका.

पहिल्यांदा सलग ऐका. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने आखा: मिनिट-सेकंद, विधान, कोणत्या कागदावरून, कागद कुठला व कधीचा. तिसरा रकाना रिकामा राहिला की ते विधान ऐकीव समजा. दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, बसलेला वक्ता महजर (सभेचं निर्णयपत्र), निवाडा, थळझाडा (गावच्या जमिनींची नोंद), ताळेबंद असा कागदाचा प्रकार सहसा सांगतोच. आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्समध्ये या शब्दांचं भलतंच काही होतं, तेव्हा कानावरच भिस्त ठेवा.

सर्वांत जास्त घोळ सनाचा. वक्ता कागद वाचतो, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे, म्हणजे २ + ७० + १०० + १०००, सन ११७२. हा शुहूर सन, मराठी कागदांत वापरली जाणारी कालगणना. त्यात ५९९ मिळवा, १७७१ येतं. कागद जानेवारी ते मे महिन्यांतला असेल तर ६००. हाच आकडा हिजरी समजलात तर १७५८-५९ निघतं आणि पानिपतानंतरचा कागद पानिपताच्या आधी जाऊन बसतो. हिजरी वर्ष चांद्र, शुहूर सौर आणि मृगाला सुरू होणारं, म्हणून हा फरक. फसली सन (महसुलाचं वर्ष) असेल तर ५९० किंवा ५९१.

भाव ऐकताना उलटा विचार करावा लागतो. धान्याचा भाव ‘रुपयाला इतक्या पायल्या’ असा असायचा, म्हणजे आकडा घसरला की महागाई. २० मणांची खंडी, १६ आण्यांचा रुपया हे हिशेब ठीक, पण शेर-पायलीचं माप गावोगाव वेगळं आणि रुपयेही अनेक टांकसाळींचे. म्हणून आकड्याशेजारी गावाचं नाव हवंच. आजच्या रुपयात रूपांतर करणाऱ्या वक्त्याचं तेवढं वाक्य खुशाल सोडून द्या.

दफ्तरात माणूस शिरतो तो सारा भरताना किंवा भांडताना. त्यामुळे तिथलं गाव सदा तंटेखोर दिसतं, आणि बिनभांडणाच्या घरातली बाई दिसतच नाही. ही पोकळी थोडी भरते थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरनं केलेल्या, १८२३ साली छापलेल्या पुण्याजवळच्या लोणी गावाच्या पाहणीतून. घरं, जेवण, कपडे, कर्ज सगळं त्यात आहे, अर्थात परक्याच्या नजरेनं. वक्ता तिचा हवाला देतो का पाहा.

वक्त्याची पारख करायला चहा पुरतो. पेशवाईतल्या कुणब्याच्या घरी सकाळचा चहा उकळू लागला, तर पुढचंही जपून ऐका.

वक्ता खंड आणि पान सांगत असेल तर ताडून बघा. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले, तेही देवनागरीत. मोडी येण्याची अट नाही. आणि रेकॉर्डिंग टाळ्यांपाशी बंद करू नका. जेवणखाण, भाडं, मजुरी असे प्रश्न श्रोते शेवटीच विचारतात. माईक श्रोत्यांकडे नसतो, म्हणून तेवढ्यापुरता हेडफोन लावा.