टांगती मोबाइल शिल्पं: या कामात येणाऱ्यांसाठी

हॉटेलच्या किंवा ऑफिसच्या अनेक मजले उंच, मोकळ्या अ‍ॅट्रियममध्ये संथ फिरणारं मोबाइल शिल्प (दांड्यांच्या टोकांना पत्र्याची पानं टांगून तोललेलं, हवेने हलणारं शिल्प) पाहून कलाविद्यार्थी विचारतात, हे शिकायचं कुठे? मी त्यांना आधी फॅब्रिकेटरच्या (धातू कापून-जोडून वस्तू बनवणाऱ्याच्या) शेडमध्ये सहा महिने काढायला सांगतो. मी शिल्पकला शिकलो, माती आणि प्लास्टरवर हात बसला. पण पत्रा किती झुकतो, वेल्डिंगने किती वाकतो, दांडी कुठे लवते, हे शेडमध्येच कळलं.

मोबाइलची मांडणी खालून वर होते. सर्वांत खालच्या दांडीपासून सुरुवात करा. समजा तिची लांबी ८० सेंमी, एका टोकाला ३ किलोचं पान आणि दुसऱ्या टोकाला १ किलोचं. दांडीला वजनच नसतं, तर ती ३ किलोच्या टोकापासून २० सेंमीवर तोलली गेली असती. पण दांडी ४०० ग्रॅमची असेल तर तो बिंदू २१.८ सेंमीवर जातो. आता हा सगळा ४.४ किलोचा गट वरच्या दांडीच्या एका टोकाचं वजन झाला. खालचं एक पान बदललं की वरची प्रत्येक दांडी नव्याने तोलावी लागते. सॉफ्टवेअर हा हिशेब चुटकीसरशी करतं, तरी पहिली काही मोबाइल तार आणि पुठ्ठ्याची करा. पाळण्यावरच्या चिमणाळ्याएवढी असली तरी चालतील. बोटांना तोल समजला की पडद्यावरचा आकडा खरा वाटतो की नाही, ते तुम्हालाच जाणवतं.

रंगालाही वजन असतं. मोठ्या पानांवर दोन्ही बाजूंनी पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) केलं की तोल हमखास सरकतो. म्हणून टांगणीचा बिंदू सरकत्या क्लॅम्पवर ठेवायचा आणि कोटिंग होऊन आल्यावरच पक्का करायचा.

मोठ्या आकारात खरी लढाई वजनाशी असते. २ मिमी जाडीचा १ चौरस मीटर लोखंडी पत्रा साधारण १५.७ किलो भरतो, तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा ५.४ किलो. याचं सर्वांत सुंदर उदाहरण वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर यांचं तिथलं मोबाइल सुमारे २३ मीटर रुंद आहे. ते पोलादात केलं असतं तर इतकं जड झालं असतं की हवेच्या झुळकीने हललंच नसतं. म्हणून ते घडवून देणाऱ्या पॉल मॅटिस यांनी पानं अ‍ॅल्युमिनियमच्या हनीकोम्ब (आत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ) पॅनेलची आणि दांड्या पोकळ नळ्यांच्या केल्या. एकूण वजन जेमतेम ४१७ किलो झालं. १९७७ मध्ये ते टांगलं गेलं, त्याच्या आदल्या वर्षी कॉल्डर वारले होते. ते मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, आणि १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहून त्यांनी काम केलं होतं. आपल्याकडच्या कलाशाळांत त्यांचे रंग आणि आकार शिकवतात. त्यांच्या जोडण्यांचाही अभ्यास व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

साइटवर पहिली मागणी स्ट्रक्चरल ड्रॉइंगची करा. फॉल्स सीलिंगला काहीही टांगायचं नाही. अँकर (टांगणीचा बोल्ट) स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच, आणि त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती हवी. खालून माणसं जाणार असतील तर मी वायर रोपची (पोलादी तारांच्या दोराची) तुटण्याची ताकद प्रत्यक्ष वजनाच्या किमान १० पट धरतो. समुद्राजवळ एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ऐवजी खाऱ्या हवेत कमी गंजणारं ३१६ घ्या. प्रत्येक दांडी पूर्ण फिरली तर जे वर्तुळ होईल ते प्लॅनवर काढा आणि ते रेलिंगपासून इतकं दूर ठेवा की लहान मुलाने वाकून हात लांबवला तरी पान हाती लागू नये. उंच अ‍ॅट्रियममध्ये धूर ओळखणारे बीम डिटेक्टर असतात. फिरतं पान त्या किरणाच्या आड आलं तर खोटा अलार्म वाजू शकतो किंवा बिघाडाचा इशारा येतो. ही गोष्ट आर्किटेक्टच्याही ध्यानात येत नाही, म्हणून फायर कन्सल्टंटशी तुम्हीच बोला. एसीचा झोत कुठून येतो तेही पाहा. झोत थेट पानावर आला तर शिल्प गरगरतं, अजिबात हवा नसेल तर ते नुसतं लटकतं. आणि आवार उघडं असेल तर पारव्यांचा विचार आधी करा, कारण दांडीवर बसलेला एक पारवाही हलक्या गटाचा तोल घालवतो.

टांगणी मात्र वरून खाली. वरची दांडी चेन ब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) लावून छातीच्या उंचीवर आणायची, दोन्ही टोकांना गणितातल्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या अडकवायच्या. मग थोडं उचलून पिशवी काढत तिथे खरा गट जोडायचा, पुन्हा उचलायचं. घाई करणाऱ्याला या टप्प्यावर दूर ठेवा. काम बहुधा रात्री चालतं; सिझर लिफ्ट (माणसांना वर नेणारा सरकता फलाट) ग्रॅनाइटवर नेण्याआधी फरशी तिचा भार पेलेल का ते विचारा आणि प्लायवूड अंथरा.

कोटेशनमध्ये शिल्पाच्या किमतीखेरीज लिफ्टचं भाडं, इंजिनिअरची फी, विमा आणि वार्षिक देखभाल वेगळी लिहा. देखभालीत स्विव्हलचं (फिरत्या जोडाचं) बेअरिंग, शॅकलच्या (जोडकड्यांच्या) पिना आणि वायर रोपचे तुटलेले धागे तपासायचे असतात. त्यासाठी वर पोहोचायची सोय डिझाइनमध्येच ठेवा. शक्य असेल तिथे मी सबंध शिल्प खाली घेता येईल अशी विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) बसवायला सांगतो.