१०+१ शेळी गट योजना: गट मोडायला लावणाऱ्या या चुका टाळा

यादीत नाव लागलं, कागद पूर्ण झाले, दहा बकऱ्या आणि एक बोकड दारात आले, आणि वर्ष सरता सरता कोठ्यात चारच उरल्या. विदर्भातल्या बऱ्याच गावांत शेळी गटाचं असंच होतं आणि मग सगळा दोष योजनेवर जातो. योजनेत त्रुटी आहेतच. पण गट टिकणार की मोडणार हे बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशी आणि त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ठरतं, आणि तो काळ आपल्या हातात असतो.

राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही पूर्ण बंदी आहे. त्यामुळे मांसासाठीच्या पैदाशीला इथे जो सरकारी आधार मिळतो तो मुख्यतः शेळी-मेंढी आणि कोंबडीच्या योजनांतून. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला त्यातला सगळ्यात जवळचा म्हणजे हा १०+१ गट.

हिशेब फक्त अनुदानाचा धरणं

२०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी किंवा संगमनेरी गटाची किंमत १,०३,५४५ रुपये धरली आहे. दहा शेळ्या ८,००० रुपयांप्रमाणे, बोकड १०,००० रुपयांचा आणि बाकी १३,५४५ रुपये विम्याचे. स्थानिक जातीच्या गटाला शेळी ६,०००, बोकड ८,००० आणि विमा १०,२३१ असे ७८,२३१ रुपये. सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. म्हणजे उस्मानाबादी गटासाठी ७५ टक्केवाल्याचा स्वतःचा हिस्सा साधारण २५,८८६ रुपये होतो. अर्ज करताना चालू वर्षाचे दर मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

आता या आकड्यात काय नाही ते बघा. कोठा नाही, चारा नाही, खुराक नाही, गाडीभाडं नाही, औषध नाही. अकरा जनावरांना रोज प्रत्येकी सरासरी एक किलो कुटार धरलं तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना १३ क्विंटल लागतं. खुराक प्रत्येकी २०० ग्रॅम धरला तर महिन्याला ६६ किलो. हिस्सा कसाबसा भरून हात मोकळे झालेला माणूस इथेच अडकतो आणि दुसऱ्या महिन्यात एक बकरी विकून बाकीच्यांना चारतो. गटाची गळती तिथून सुरू होते.

खरेदी बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपता संपता होते. म्हणजे बकऱ्या येतात आणि लगेच ऊन तापायला लागतं. म्हणून चाऱ्याची तयारी नाव यादीत आल्या दिवसापासून करा, खरेदीच्या आदेशाची वाट बघू नका. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार मळणीच्या वेळीच भरून ठेवा. मार्चनंतर तेच कुटार दुपटीनं महाग पडतं आणि पाहिजे तेव्हा मिळत नाही. धुऱ्यावर सुबाभूळ आणि शेवरी जूनमध्येच लावलेली असेल तर अर्धी चिंता मिटते.

कागदात राहणारी चूक

यात फार काही नाही, पण नाव कटतं ते इथेच. अर्जात दिलेला मोबाइल नंबर बदलतो, निवडीचा मेसेज बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि कागद चढवायची मुदत निघून जाते. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते पासबुकावर न बघता बँकेत विचारून खात्री करा. आधार, रेशन कार्ड आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. रेशन कार्डावरच्या एकाच माणसानं अर्ज करायचा असतो, घरातल्या तिघांचे तीन अर्ज भरून काही साधत नाही.

व्यापाऱ्यानं आणलेल्या बकऱ्या बघितल्या न बघितल्यासारख्या करून घेणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. आजच्या बाजारात चांगली दोनदाती, भरल्या अंगाची बकरी ८,००० रुपयांत मिळेलच असं नाही. मग व्यापारी दरात बसतील अशा बकऱ्या जमवतो: म्हाताऱ्या, एका सडाच्या, सारख्या गाभडणाऱ्या. खरेदी समितीतले अधिकारी हजर असतात, पण त्यांना एका दिवसात कितीतरी गट उरकायचे असतात. बकरी आपल्या कोठ्यात तीन वर्षं राहणार आहे, म्हणून ती आपणच तपासायची.

आधी तोंड उघडा. खालच्या जबड्यात मधले दोन मोठे दात आले असतील तर बकरी साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार असतील तर दोनच्या आसपास. गटासाठी दोनदाती आणि चारदाती घ्या. आठही दात जुळलेले आणि त्यांत फटी पडलेल्या किंवा झिजलेले दिसले तर कितीही स्वस्तात देऊ केली तरी सोडा. मग अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढा. आतला भाग लालसर-गुलाबी पाहिजे. पांढरट दिसला तर पोटात बहुधा रक्त पिणारे जंत आहेत. कास हातात घेऊन दाबा, गाठ लागायला नको आणि दोन्ही सडांतून धार यायला हवी (अजून एकदाही न व्यायलेल्या तरुण बकरीला, म्हणजे पाठीला, धार नसेल, पण सड दोन आणि सारखे पाहिजेत). नाकपुडी कोरडी, शेपटीखाली शेण चिकटलेलं नाही, खुरांत वास नाही, इतकं झालं की तिला दहा पावलं चालवा. लंगडते का ते तेव्हाच कळतं.

“सगळ्या गाभण आहेत” यावर जास्त पैसे देऊ नका. तीन महिन्यांच्या आत गाभण आहे की नाही हे हातानं ओळखता येत नाही. आणि खरंच शेवटच्या महिन्यातली असेल तर पिकअपच्या हेलकाव्यानं गाभडण्याची भीती जास्त. ती घेऊच नका.

बोकडाकडे शेवटी उरलेला म्हणून बघतात, ही आणखी मोठी चूक. दहा बकऱ्यांच्या सगळ्या करडांत अर्धं रक्त त्याचं असतं. दीड-दोन वर्षांचा, दोन्ही अंड सारखे भरलेले, मागचे पाय मजबूत, आणि शक्यतो जुळं देणाऱ्या बकरीचा घ्या. बकऱ्या ज्या कळपातून घेतल्या त्याच कळपातला बोकड घेऊ नका, त्यांचा भाऊ निघू शकतो.

जातीच्या बाबतीत मोठ्या कानांच्या, उंच, परराज्यातल्या जातींचं आकर्षण सोडा. चराईवर आणि कुटारावर जगणारी, ४५ अंशांत टिकणारी जात पाहिजे. आपली बेरारी त्यासाठीच तयार झालेली आहे. ती नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातली, तांबूस रंगाची आणि जात म्हणून रीतसर नोंद झालेली. उस्मानाबादीही इथे चांगली रुळते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. “बकऱ्या नुसत्या फोटोला उभ्या करतो, कानात बिल्ले मारून परत नेतो, तुला रोख देतो” असं कोणी म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. गट तीन वर्षं सांभाळण्याच्या बंधपत्रावर सही तुमची असते. तीन वर्षांत केव्हाही पडताळणी झाली तर वसुली तुमच्याकडून होते, व्यापाऱ्याकडून नाही. शिवाय त्यामुळे तुमच्याच गावातल्या खऱ्या गरजूचं नाव पुढच्या वर्षावर जातं.

नवा गट सरळ घरच्या कळपात सोडणं

बाजारातून आलेली बकरी पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्यानं पसरणारा विषाणूजन्य रोग, घेऊन आलेली असू शकते. आज धडधाकट दिसते, चार-सहा दिवसांत ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, पातळ हगवण, आणि घरच्या दोन जुन्या बकऱ्यासुद्धा सोबत जातात. नवा गट किमान २१ दिवस वेगळा ठेवा, पाण्याचं टोपलंही वेगळं.

याच दिवसांत विम्याचाही धोका असतो. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचे १५ ते २१ दिवस रोगानं झालेल्या मृत्यूची भरपाई मिळत नाही. म्हणजे बकरी मरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हाच विमा कामाचा नसतो. यावर उपाय एकच: शक्य तितक्या बकऱ्या गावातल्या माहितीच्या माणसाकडून निवडा आणि सौदा ठरला की त्याच्याच दारात पीपीआरची लस टोचून घ्या, मग दोन-तीन आठवड्यांनी आणा. ही लस चार महिन्यांवरच्या जनावराला देतात आणि साधारण तीन वर्षं पुरते. प्रवासानं थकलेल्या किंवा ताप असलेल्या बकरीला लस टोचू नका.

जंताचं औषध आल्यावर दोन-तीन दिवसांनी, वजनाप्रमाणे. गाभण असण्याची शंका असेल तर अल्बेंडाझोल देऊ नका. पहिल्या महिन्यातल्या गर्भाला ते बाधतं. डॉक्टरांना सांगून दुसरं घ्या.

बिल्ला पडला, तो खिशात ठेवला

कानातला बिल्ला म्हणजे विम्याच्या लेखी ती बकरी. बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटतो, बिल्ला वावरात पडतो आणि माणूस तो नीट जपून घरात ठेवतो. मृत बकरीच्या कानात बिल्ला नसेल तर दावा नामंजूर होतो. बिल्ला पडला की त्याच आठवड्यात दवाखान्यात नवा मारून घ्या आणि विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा. बकरी मेली तर पुरायची घाई करू नका. २४ तासांच्या आत कंपनीला आणि दवाखान्याला कळवा, कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढा, शवविच्छेदन करून घ्या आणि त्याच्या अहवालावर बिल्ल्याचा पूर्ण नंबर लिहिलाय का ते तिथेच वाचा. एक आकडा चुकला तरी फाइल महिनोन्‌महिने फिरते.

पहिल्या पावसाचा कोवळा चारा

संध्याकाळी खेळत असलेलं सगळ्यात गुबगुबीत करडू सकाळी मेलेलं सापडतं, तेव्हा लोक साप चावला म्हणतात. जून-जुलैत असं झालं तर बहुतेक वेळा ते आंत्रविषार असतं. कोवळं गवत भरपूर खाल्लं की आतड्यातले जिवाणू वाढून विष तयार करतात. लस मे महिन्यात आणि बूस्टर दोन-तीन आठवड्यांनी. पाऊस सुरू झाल्यावर दवाखान्यात गर्दी करून उपयोग नसतो. पहिले पंधरा दिवस चरायला सोडण्याआधी थोडं कुटार खाऊ घाला.

ज्वारीचे कापणीनंतर आलेले किंवा पावसाच्या ताणात सुकलेले कोवळे फुटवे विषारी असतात, तिथे बकरी फिरकू देऊ नका. कपाशीवर फवारणी झाली की त्या धुऱ्यावरचं गवत कमीत कमी दोन आठवडे बंद. विदर्भात हे सांभाळणं सगळ्यात कठीण, कारण शेजाऱ्याची फवारणी आपल्याला कळत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा. सोयाबीन किंवा गव्हाचं पोतं फोडून बकरीनं दाणे खाल्ले तर पाणी पाजत बसू नका. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा.

खुराक विकतच घ्यायला हवा असं नाही. मका किंवा ज्वारीचा भरडा ४० किलो, तुरीची चुरी २५, ढेप २०, कोंडा १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ असे १०० किलो घरी तयार होतात. गाभणीला शेवटच्या दीड महिन्यात आणि दूध पाजणारीला २५० ते ३०० ग्रॅम. करडांना सरकीची ढेप देऊ नका.

बोकड बाराही महिने मोकळा

बकरी साधारण १५० दिवसांत विते. फेब्रुवारीत फळली तर करडं जुलैत येतात, म्हणजे चिखलात, ओल्या जमिनीवर, न्युमोनिया आणि हगवणीच्या दिवसांत. १५ जूनला फळली तर नोव्हेंबरच्या मध्यावर: चारा भरपूर, जमीन कोरडी. म्हणून बोकड वेगळा बांधा, माज आलेली बकरी त्याच्याकडे न्या आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा. माज साधारण २१ दिवसांनी परत आला तर फळली नाही.

जूनमध्ये एकही बकरी फळत नसेल तर दोष बहुधा मे महिन्याच्या उन्हाचा. टिनाखाली तापलेल्या बोकडाचं वीर्य महिना-दोन महिने कमजोर राहतं. टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाटीचा जाड थर टाका, दुपारी अंगावर पाणी मारा आणि त्याला रोज २५० ग्रॅम खुराक द्या.

एकापाठोपाठ दोन-तीन बकऱ्या गाभडल्या तर मात्र हा संसर्ग समजा. पडलेला गर्भ उघड्या हातानं उचलू नका, त्यात ब्रुसेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि तो आजार माणसालाही होतो. रक्ताचा नमुना दवाखान्यातून तपासणीला पाठवा.

करडू जन्मलं की तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका. म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिली. वार पडायची वाट बघत चीक थांबवण्याची पद्धत अजून चालते आणि तिच्यामुळे फार करडं जातात. नाळ दोन इंचांवर बांधून कापा आणि आयोडीनमध्ये बुडवा.

पहिल्या वेताची मादी करडं आठ-दहा महिन्यांची होण्याआधी बोकड बदलायलाच हवा, नाही तर बापाकडूनच लेकी फळतात आणि पुढची पिढी खुरटी, कमी वजनाची निघते. योजनेचा बोकड तीन वर्षांच्या आत परस्पर विकता येत नाही म्हणून लोक तोच चालवत राहतात. त्याऐवजी दवाखान्यात लेखी कळवून, शेजारच्या गावातल्या लाभार्थ्याशी बोकडाची अदलाबदल करा आणि दोन्ही बिल्ल्यांचे नंबर दवाखान्यात आणि विमा कंपनीकडे नोंदवून घ्या.