बोटीच्या जुन्या सीट नव्या करताय? मग या चुका टाळा

मेअखेर बोटी वर ओढल्या की पुढचे तीन-साडेतीन महिने झापांखाली नुसत्या पडून असतात, तेव्हा सीटची आठवण कोणालाच येत नाही. गणपती गेले, पर्यटकांचे फोन सुरू झाले की मग सगळे एकदम जागे. "दादा, परवा ग्रुप येतोय, तेवढं रेक्झिन मारून द्या ना." मारून द्या म्हणे! मी मालवणात बोटींच्या सीट शिवतो, त्याआधी सोफे आणि रिक्षाच्या सीट शिवायचो, आणि दर वर्षी तेच ते प्रकार बघून इतका वैतागलोय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू, निदान फोनवर घसा तरी कोरडा करायला नको.

पहिली चूक म्हणजे सीट वरून बघणे. वरचं रेक्झिन फाटलंय हे दिसतं म्हणून तेच बदलायचं असं लोकांना वाटतं. मी सीट आली की आधी उलटी करतो. खालचा प्लाय स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो, कडेला पाऊण इंच टोक सहज आत गेलं की समजायचं तो प्लाय संपला, त्यावर कितीही भारी कापड ताणलं तरी ते ठोकायच्या स्टेपलच्या पिना धरणार नाहीत. जुन्या बोटीत दहापैकी सात-आठ वेळा हेच निघतं. नवीन प्लाय घेताना त्यावर आयएसआयच्या शिक्क्यासोबत ७१० आकडा आहे का बघा, तो मरीन, म्हणजे बोटीच्या प्लायचा. ३०३ आकड्याचा तुमच्या कपाटाला ठीक आहे. आणि दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला म्हणून कडा तशाच सोडू नका, पाणी कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून शिरतं, वरून नाही. मी कापून, भोकं पाडून झाल्यावर सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे (पाणी अडवणारं, कडक होणारं रेझिन) दोन हात देतो, कडेला तीन. यात दोन दिवस जातात आणि इथेच परवाच्या ग्रुपवाल्यांचा चेहरा उतरतो.

आता फोम. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि चांगली वाजतगाजत केलीय.

सोफ्यांच्या कामातून नवीनच बोटींकडे वळलो होतो. मालवणजवळच्या देवबागचे एक काका अठरा फुटी फायबरची बोट घेऊन आले, मागचा लांब बाक करायचा होता, चार फूट लांब, दीड फूट रुंद. मी सोफ्याचा ४० डेन्सिटीचा फोम घेतला, चार इंची, आणि डोकं चालवलं, फोम चारी बाजूंनी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारून टाकला. म्हटलं पाणी आत जाईलच कसं? वरून पांढरं-निळं रेक्झिन, कडेला निळी पायपिंग म्हणजे गोल गोट, खालून पण रेक्झिन लावून सगळं बंद. इतका देखणा बाक झाला की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. काका पण खूश.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन. "माका काय सांगू नको, तू हय ये आणि बघ." गेलो. डॉल्फिन बघायला नेलेल्या एका ताई पांढरी पँट घालून त्या बाकावर बसल्या होत्या, उठल्या तर मागे चहासारखा डाग. मी बाकावर हात दाबला तर शिवणीतून पिवळट पाणी बुडबुडत वर आलं, वास विचारू नका. एकट्याला बाक उचलेना म्हणून दोघांनी उचलून मासे तोलायच्या काट्यावर ठेवला. घरून निघताना प्लायसकट आठ-नऊ किलोचा असेल, आता काटा सत्तावीसवर. म्हणजे जवळजवळ अठरा लिटर समुद्र मी काकांना शिवून दिला होता.

झालं काय होतं, तर सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. आणि सीट हा पंपच असतो, माणूस बसला की फोम दबून हवा बाहेर, उठला की फोम फुगताना त्याच भोकांतून जे मिळेल ते आत ओढतो, आणि बोटीवर जे मिळतं ते पाणीच. प्लास्टिकला पिना आणि टेपच्या जोडांतून आत वाट मिळालीच, बाहेर यायला मात्र कुठेच नव्हती. त्यात पाणी खारं. मिठाची गंमत अशी की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं, आणि आपल्याकडे रात्री किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता असतेच. म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेली सीट दिवसभर उन्हात टाकली तरी सकाळी परत दमट लागते. ती आधी गोड्या पाण्याने पिळून धुवावी लागते, नुसतं वाळवून उपयोग नाही.

तेव्हापासून पाणी आत येऊ नये यासाठी जीव काढणं मी सोडलं, ते बाहेर कसं जाईल एवढंच बघतो. प्लायला २० ते २५ मिलिमीटरची भोकं, लांब बाकाला आठ-दहा, आणि ती इपॉक्सी मारायच्या आधी पाडायची, नंतर नाही. खालून रेक्झिन नाही, लावायचंच असेल तर जाळी. सीट डेकवर सपाट टेकवायची नाही, खाली रबराच्या छोट्या गुट्ट्या म्हणजे हवा खेळते. फोमचं म्हणाल तर पाणी आरपार गाळून टाकणारा मोठ्या छिद्रांचा फोम येतो, तो सगळ्यात बरा पण महाग आहे आणि मागवावा लागतो. पाणी अजिबात न पिणारा ईव्हीएसारखा (चपलेच्या तळाचा असतो तसला) फोम स्वस्त पडतो पण नुसता त्यावर बसलात तर अर्ध्या तासात कंबर बोलेल. माझी सवय अशी की खाली दोन इंच तो कडक, प्लायच्या भोकांसमोर त्यालाही भोकं, आणि वर दीड-दोन इंच मऊ. हे पुस्तकात असेल नसेल, माझ्याकडच्या बोटींवर टिकलंय. गादीवाल्याकडून उरलेला तुकडा आणलात तर मात्र माझ्याकडे येऊ नका. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, ४० म्हणजे एका घनमीटरला ४० किलो वजन, एवढाच त्याचा अर्थ. हाताने दाबून बघितल्याशिवाय फोम घेऊ नये.

फोम कव्हरच्या मापाचा कापू नका, चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच मोठा ठेवा, नाहीतर महिन्याभरात सुरकुत्या.

जुनं कव्हर उसवायच्या आधी फोटो काढा, तुकड्यांना नंबर द्या, मधली रेघ मारा, जोडावर खुणा करा. कात्रीने टराटरा फाडून "हे घ्या माप" म्हणून पिशवीत आणून देणारे आहेत. दहा वर्षं माणसं बसून बसून ते कापड ताणलेलं असतं, त्याचं माप डोळे झाकून घेतलं की नवं कव्हर ढगळ होतंच. आकार जुन्या कव्हरवरून घ्या, माप प्लाय आणि फोमवरून घ्या.

दुसरा माझा लाडका विषय, पिना. एकाने स्वतःच सीट केल्या, व्हिडिओ बघून. काम वाईट नव्हतं, खरंच सांगतो, कोपरे तर माझ्यापेक्षा बरे होते. पण पिना साध्या लोखंडी, वर नुसतं चकचकीत पाणी दिलेलं. दिवाळीत बसवल्या आणि होळीपर्यंत सीटच्या खालून तांबडे ओघळ फायबरवर आले, एका बाजूचं कापड हाताने ओढलं तर पिना बिस्किटासारख्या तुटत गेल्या. तो म्हणाला, मी तर स्टीलच्या मागितल्या होत्या, दुकानदाराने दुसऱ्या खेपेला दिल्या त्या लोहचुंबकाने तपासूनच घेतल्या. आता या लोहचुंबकाबद्दल एकदा कान उघडून ऐका. लोहचुंबकाने साधं लोखंड ओळखता येतं, बस. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार त्याने वेगळे कळत नाहीत, उलट तार ओढून वाकवून पिन बनवताना ३०४ची चांगली पिनसुद्धा थोडी चिकटायला लागते. दोन्ही स्टीलच, पण ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्यात ती टिकते आणि ३०४वर काही महिन्यांत तपकिरी ठिपके येतात. तेव्हा डब्यावर ३१६ छापलंय का बघा आणि बिल घ्या. लांबीचंही तसंच, प्लाय १२ मिलिमीटरचा असेल तर ८ ते १० मिलिमीटरची पिन पुरे, मोठी मारलीत तर आरपार जाऊन फोमला टोचेल.

पिना मारताना आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक, मग मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरत येणाऱ्याची शेवटच्या कोपऱ्यात पुरणपोळीसारखी घडी होणारच. कापड आधी अर्धा तास उन्हात टाका, गरम झालं की छान ताणतं. इस्त्री नको, जळतं.

दोरा कॉटनचा नको, कुजतो. नायलॉनही नको, घरात मजबूत पण उन्हात कमजोर होत जातो. उन्हासाठीचा बॉन्डेड पॉलिस्टर, टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ९० किंवा जाड कामाला १३५, सुई १८ नंबरच्या खाली नाही. आणि टाके बारीक म्हणजे मजबूत हा समज डोक्यातून काढा, रेक्झिनवर बारीक टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, बरोब्बर तिथूनच फाटतं. इंचाला पाच-सहा टाके पुरे.

पायपिंगच्या आत सुतळी घालू नका, दिव्याच्या वातीसारखी ती पाणी ओढून नेते. प्लास्टिकची दोरी मिळते.

चेन लावायचीच असेल तर प्लास्टिक दात्यांची, आणि तिचं धावतं टोकही प्लास्टिकचंच, नाहीतर सगळी चेन ठणठणीत आणि टोक गंजून जाम.

कापडाबद्दल एवढंच, रिक्षाचं रेक्झिन आणि मरीन व्हिनाइल, म्हणजे बोटीसाठीचं रेक्झिन, लांबून सारखंच दिसतं. कडेचा धागा बघा, मागे नुसतं सुती कापड असेल तर त्यावर बुरशी येणार आणि काळे ठिपके आतून वर उमटणार, ते घासून जात नाहीत. काळा रंग घेऊ नका, एप्रिलमध्ये अर्ध्या चड्डीतला माणूस त्यावर बसून दाखवेल तर मी पैसे परत देतो. एकदम पांढराही नको, जीन्सची निळाई आणि मेंदी दोन्ही धरतो. मी सगळ्यांना फिकट राखाडी सांगतो, ऐकत कोणी नाही.

ड्रायव्हरची खांबावरची सीट असेल तर ती काढली की डेक हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. टणटण आवाज आला तर बरं, ढप्प आला तर आतला प्लाय कुजलाय. त्याच भोकांत मोठे स्क्रू पिळून सीट घट्ट करणाऱ्यांना मला काही बोलायचं नाही, लाटेवर बोट आपटली की माणूस सीटसकट मागे जातो, माझ्या डोळ्यांसमोर झालंय, नशिबाने खाडीतच होता. कुजलेला भाग कापून काढा, खालून प्लेट देऊन आरपार बोल्ट घ्या, आणि प्रत्येक भोकात सीलंट भरा.

झालेल्या सीट थिनरने, पेट्रोलने पुसू नका, खोबरेल तेल लावून चमकवू नका, हो, लावतात लोक. थिनर-पेट्रोल कापडातला मऊपणाच ओढून घेतं, मग दुसऱ्या उन्हाळ्यात भेगा. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा एक पाइप.

ते देवबागचे काका अजून येतात माझ्याकडे. यंदा पुढच्या दोन सीट करायच्यात म्हणून जूनमध्येच टाकून गेलेत, आणि जाताना दारातून ओरडून, "यंदा समुद्र भरू नको रे आत."